गाणे कुणाचे? : अमेरिकी लोकसंगीत व ब्लूज यांच्या काही नव्या ध्वनिमुद्रिकांची चिकित्सा

इ. स. १९५९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील पार्चमन येथील तुरुंगात, लाकडे फोडणाऱ्या कृष्णवर्णीय कैद्यांचे एक श्रमगीत ध्वनिमुद्रित केले. जेम्स कार्टर हे त्यातील अग्रगायक होते. पुढे २००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या आरंभी तेच मुद्रण वापरण्यात आले. चित्रपटातील गीतांची ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपली आणि २००२ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कारही लाभला. कार्टर तेव्हा शिकागोत राहत होते. त्यांचा शोध घेऊन २०,००० डॉलरचा धनादेश त्यांच्या हाती देण्यात आला, तेव्हा हे गीत आपण कधी गायिलो होतो याचेही त्यांना स्मरण नव्हते.

ही हकीकत सहसा सुखान्त कथा म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी की, कार्टर यांचा शोध घेता आला तो संग्राहकाने गायकाचे नाव टिपून ठेवले होते म्हणून. शिवाय नाव टिपले म्हणजे न्याय झाला असेही नाही. जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र अॅलन यांनी १९३३ मध्ये लुइझियानातील अँगोला तुरुंगात हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली यांचा आवाज प्रथम मुद्रित केला. त्यांचे ‘गुडनाइट, आयरीन’ हे गीत १९५० मध्ये ‘द वीव्हर्स’ या वाद्यवृंदाने गाऊन देशभर गाजवले. लेड बेली मात्र डिसेंबर १९४९ मध्येच निवर्तले होते. गीताच्या कर्तृत्वात जॉन लोमॅक्स यांचेही नाव जोडलेले होते. संग्राहक हा सहरचनाकार कसा ठरतो, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरितच आहे.

प्रस्तुत लेखात २०१९ ते २०२५ या काळातील मोजक्या ध्वनिमुद्रिकांचा विचार केला आहे. निवडीमागील निकष आरंभीच स्पष्ट केलेला बरा. लोकसंगीताच्या क्षेत्रात आज जे नवे व श्रवणीय आहे, ते प्रामुख्याने जुन्या संग्रहांशी वाद घालणाऱ्या कलावंतांचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संग्रहातील गीत उचलून सफाईने सादर करणे ही आता सोपी गोष्ट झाली आहे. ते गीत आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, वाटेत त्याचे काय झाले आणि आपले त्याच्याशी नाते काय, हे केवळ पुस्तिकेतील टिपणात न राहता प्रत्यक्ष स्वरांत ऐकू यावे, ही अपेक्षा फारच थोड्या ध्वनिमुद्रिका पूर्ण करतात.

पार्श्वभूमी म्हणून बॅन्जो या वाद्याचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. आज हे वाद्य डोंगराळ मुलखातील गोऱ्या शेतकऱ्याचे म्हणून ओळखले जाते. त्याचे पूर्वज मात्र पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याची तंतुवाद्ये होत. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत त्याला आकार दिला. १८४० च्या दशकापासून तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांनी ते रंगमंचावर आणले आणि लोकप्रिय केले. पुढे १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी कृष्णवर्णीयांच्या तबकड्या एका यादीत आणि गोऱ्या ग्रामीण कलावंतांच्या दुसऱ्या यादीत घातल्या. दोन्ही समाजांत वाजणारे एकच संगीत अशा रीतीने कागदावर दुभंगले. कालांतराने हा कागदच लोकांना इतिहास वाटू लागला.

या समजुतीला सर्वांत परिणामकारक छेद दिला तो रियानन गिडन्स यांनी. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बॅन्जोवादकांचा एक मेळावा भरला होता. तेथे जमलेल्या गिडन्स, डॉम फ्लेमन्स व जस्टिन रॉबिन्सन या तिघांनी ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा संच स्थापन केला. मेबेन गावचे जो टॉमसन (१९१८–२०१२) हे फिडलवादक त्यांचे गुरू. वयाची ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थाच्या घरी नित्यनेमाने जाऊन, त्यांच्यासमवेत वाजवत हे तिघे शिकले. ही शिकवणी स्वरलिपीवर किंवा ध्वनिफितीवर झाली नाही. गुरूसमोर बसून त्याच्या हाताचे वळण आपल्या हातात उतरवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गिडन्स व रॉबिन्सन या दोघांची ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टु द क्रो’ ही २०२५ मधील ध्वनिमुद्रिका या ऋणाचीच फेड आहे. अठरा रचनांची ही मुद्रिका स्टुडिओत झालेली नाही. टॉमसन यांचे घर, ब्लूज गिटारवादक एटा बेकर (१९१३–२००६) यांचे घर आणि एकेकाळी गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मळ्यातील मिल प्रॉंग हाउस ही वास्तू, अशा तीन ठिकाणी उघड्यावर बसून हे वादन मुद्रित केले आहे. पाखरांचे आवाज आणि सिकाडा किड्यांची किरकिर त्यात मोकळेपणाने येते. प्रथमश्रवणी ही क्लृप्ती वाटण्याचा संभव आहे. दोन-तीनदा ऐकल्यावर मात्र लक्षात येते की, वाद्यांच्या आसपासची ती हवा काढून टाकली असती तर या संगीताचा आकारच बदलला असता. हे अंगणातले संगीत आहे. फिडल व बॅन्जो दोन्ही एकच धून वाजवतात, तरी ती तंतोतंत एक नसते. एकाची मुरकी दुसऱ्याच्या ठोक्यात अडकते, सुटते आणि पुढच्या आवर्तनात थोडी निराळी होऊन परत येते. रागविस्ताराला सरावलेल्या कानांना हे पुनरावर्तन आरंभी कंटाळवाणे वाटेल. येथे विस्तार अपेक्षितच नाही. नाचणाऱ्यांच्या पायांखाली धून अखंड राहणे हे तिचे काम. रॉबिन्सन यांचा गज तारेवर जरासा खरखरतो आणि ती खरखर त्यांनी घासून गुळगुळीत केलेली नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. मळ्यातील वास्तूची निवड वैचारिकदृष्ट्या सार्थ असली, तरी केवळ ऐकणाऱ्याला त्या जागेचा ताण जाणवत नाही. तेथील रचना आणि टॉमसन यांच्या अंगणातील रचना कानाला सारख्याच प्रसन्न लागतात. तेवढ्यापुरता इतिहास पुस्तिकेत राहिला आहे.

गिडन्स यांचीच याआधीची एक सामूहिक निर्मिती या बाबतीत अधिक धारदार आहे. अमिथिस्ट काया, लेला मकॅला व अॅलिसन रसेल यांच्यासह त्यांनी २०१९ मध्ये ‘साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स’ ही मुद्रिका स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. चौघी कृष्णवर्णीय, चौघी बॅन्जो वाजवणाऱ्या. तीतील ‘पॉली अॅन्स हॅमर’ ही रचना समीक्षेच्या अभ्यासकाने आवर्जून ऐकावी. जॉन हेन्री नावाचा रेल्वेमजूर यंत्राशी पैज लावून बोगदा खोदतो, जिंकतो आणि हातात हातोडा असतानाच मरतो, ही कथा अमेरिकी लोकगीतांत शेकडो वेळा गायिली गेली आहे. त्याची पत्नी पॉली अॅन हिचा उल्लेख जुन्या पाठांत ओझरता येतो. नवे गीत तिला मध्यभागी आणते; नवरा आजारी असताना हातोडा तिनेच चालवला होता, हा जुन्या पाठातलाच धागा पकडून मागे राहिलेल्या बाईचे आयुष्य गाते. संग्रहाशी वाद घालणे म्हणजे काय, याचा हा नमुना होय. येथे जुन्या गीताचा निषेध केलेला नाही, त्याचे गौरवगानही नाही; त्याने जे अर्धवट सोडले ते पुरे केले आहे. गुलामगिरीच्या आत्मकथनांवर बेतलेले, टाळ्यांच्या ठेक्यावर चालणारे ‘मामाज क्रायिंग लाँग’ हे गीत त्याहूनही कठोर आहे. ते मुलाच्या मुखातून गायिले गेल्यामुळे त्यातील हिंसा सांगितली जाण्यापूर्वीच समजते.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हाच प्रश्न उपस्थित झालेला आहे. गी पॉयटव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या उपक्रमाने त्या गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ‘लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो’ हे वाक्य आपण वर्गात किती सहजपणे उच्चारतो! पुष्कळदा कर्ता अज्ञात नसतो. त्याला कोणी विचारलेले नसते.

ब्लूजकडे वळताना घराण्याची कल्पना उपयोगी पडते. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधील ब्लूज हा डेल्टा प्रदेशातील ब्लूजहून वेगळा आहे. ‘ट्वेल्व्ह-बार’ या नावाने ओळखला जाणारा बारा खंडांचा साचा तो फारसा मानत नाही. एकाच स्वरसंघावर ठाण मांडून, आधारस्वर घुमत ठेवून, लयीच्या बळावर तो झिंग आणतो. आर. एल. बर्नसाइड (१९२६–२००५) हे या शैलीचे मोठे नाव. १९६७ मध्ये त्यांचे पहिले मुद्रण झाले. व्यापक कीर्ती मात्र १९९० च्या दशकात, वार्धक्यात लाभली. त्यांचे नातू सेड्रिक बर्नसाइड किशोरवयापासून आजोबांच्या मागे ड्रम वाजवत आले. ‘आय बी ट्राइंग’ (२०२१) या त्यांच्या मुद्रिकेत ती तालीम गिटारमध्ये उतरलेली दिसते. त्यांचा अंगठा तारेवर नसून जणू चामड्यावर पडतो. मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत झालेले हे मुद्रण अत्यंत मितव्ययी आहे. पुष्कळ ठिकाणी दोनच वाद्ये, आणि मधली मोकळी जागा तशीच ठेवलेली. या मुद्रिकेला २०२२ चा पारंपरिक ब्लूजचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो उचित होता.

त्याच वर्षी ‘द ब्लॅक कीज’ या ख्यातनाम रॉक संचाने याच टेकड्यांतील ब्लूजची ‘डेल्टा क्रीम’ ही मुद्रिका काढली. तिला चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. बर्नसाइड व ज्युनियर किंब्रो यांना प्रत्यक्ष साथ केलेले केनी ब्राउन व एरिक डीटन हे वादक त्यांनी सोबत घेतले, दोन दुपारींत सारे मुद्रण उरकले आणि वादन खरोखरच रंगले आहे. तरीही दोन्ही मुद्रिका पाठोपाठ ऐकल्या असता फरक जाणवतो. ‘डेल्टा क्रीम’मध्ये या शैलीची मौज आहे, आणि मौजेत काही गैर नाही, सेड्रिक यांच्यापाशी मात्र ती शैली रोजच्या व्यवहाराची भाषा आहे. ते तिच्यातून स्वतःची चूक कबूल करू शकतात, मनाची समजूत घालू शकतात. पाहुण्याला ते जमत नाही. हा फरक वर्णाचा नसून सहवासाचा आहे, असे वाटते. अर्थात हा सहवास कोणाच्या वाट्याला का आला, याचे उत्तर शेवटी वर्णाच्या इतिहासातच शोधावे लागते.

जेक ब्लाउंट यांची ‘द न्यू फेथ’ (२०२२) ही या साऱ्यांत सर्वाधिक धाडसी आणि सर्वाधिक असमान कृती. हवामानाच्या विनाशानंतर मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर आश्रयाला आलेल्या कृष्णवर्णीयांची उपासनासभा त्यांनी कल्पिली आहे. तीत गायिली जातात ती जुनीच भक्तिगीते. टाळ्या, फिडल, बॅन्जो यांच्या जोडीला रॅपही येतो. पापपुण्याची, जलप्रलयाची जुनी गीते या संदर्भात भविष्यकथनासारखी ऐकू येतात, ही कल्पना विलक्षण आहे. परंतु गीतांच्या मध्ये येणारी गद्य निवेदने जड झाली आहेत. गीत स्वतःच जे सांगत आहे ते निवेदक पुन्हा सांगतो. दुसऱ्या श्रवणात ती ओलांडून पुढे जावेसे वाटते. अबेनाकी परंपरेतील कलावंत माली ओबोमसाविन यांच्यासह केलेली त्यांची ‘सिम्बियंट’ (२०२४) ही मुद्रिका मात्र श्रोत्यावर अधिक विश्वास टाकते.

अशा ध्वनिमुद्रिका टिकणार कशा, हा व्यावहारिक प्रश्न उरतोच. मोझेस अॅश यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या फोकवेजचा दोन हजारांहून अधिक मुद्रिकांचा साठा १९८७ मध्ये स्मिथसोनियनने घेतला, तो एकही मुद्रिका अनुपलब्ध होऊ न देण्याच्या अटीवर. याउलट स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत एक हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गीतांना रॉयल्टी देणे बंद केले. लोकसंगीताच्या बाबतीत हा नियम नेमका कुणाला बाधतो हे उघड आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी पुस्तिकेसह मुद्रिका विकत घ्यावी. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही हा खर्च पुस्तकखरेदीइतकाच न्याय्य मानण्यास हरकत नसावी.

श्रवणाचा क्रम विचारल्यास, गिडन्स व रॉबिन्सन यांच्यापासून आरंभ करू नये. प्रथम जो टॉमसन यांची ‘फॅमिली ट्रॅडिशन’ (१९९९) ऐकावी, नंतर शिष्यांसमवेतची ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स अँड जो टॉमसन’ (२००९) आणि त्यानंतरच २०२५ ची मुद्रिका लावावी. म्हणजे रॉबिन्सन यांच्या गजाची ती खरखर कुठून आली, ते कानालाच कळते.