ॲपलने पुन्हा प्रिंटर विकावेत का? एका लाडक्या युक्तिवादाची तपासणी

‘ॲपलने पुन्हा प्रिंटर बनवायला हवेत,’ असं म्हणणारं कुणी ना कुणी दर काही महिन्यांनी भेटतंच. युक्तिवाद साधारण असा असतो: आजचे प्रिंटर वैताग आणतात. ऐन वेळी कागद अडकतो, वाय-फाय सुटतं, शाईच्या डबीची किंमत ऐकून घाम फुटतो. ॲपलने एकेकाळी लेझररायटरसारखा जबरदस्त प्रिंटर विकला होता. म्हणून ॲपलने परत यावं.

ऐकायला अगदी पटतं. पण आज आपण हा युक्तिवाद सुटा करून बघू. कारण संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपणही बरेचदा हेच करतो: एक खरी तक्रार घ्यायची, तिच्या शेजारी एक जुनं यश ठेवायचं, आणि मधल्या पायऱ्या गाळून थेट ‘म्हणून’वर उडी मारायची.

जुनं यश नेमकं कशाचं होतं?

लेझररायटर १९८५ साली बाजारात आला. किंमत ६,९९५ डॉलर. आदल्या वर्षी आलेला मॅकिंटॉश २,४९५ डॉलरला होता, म्हणजे प्रिंटर संगणकाच्या जवळजवळ तिप्पट महाग. आता गंमत बघा. त्यातलं छपाईचं इंजिन ॲपलचं नव्हतंच, ते कॅननचं होतं. त्याच इंजिनवर एचपीने १९८४ मध्ये लेझरजेट आणला होता, ३,४९५ डॉलरला. म्हणजे कागदावर टोनर बसवणारी यंत्रणा दोघांचीही तीच, आणि ॲपलची किंमत दुप्पट.

मग लोकांनी दुप्पट पैसे कशाला मोजले? फरक इंजिनाच्या पुढे होता. लेझररायटरमध्ये ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा होती. ती चालवायला आत स्वतंत्र प्रोसेसर आणि दीड एमबी मेमरी होती, म्हणजे ज्या मॅकवरून पान यायचं त्याच्यापेक्षा प्रिंटरमधलाच संगणक तगडा! शिवाय ॲपलटॉकच्या जाळ्यावर ऑफिसातले अनेक मॅक मिळून एकच प्रिंटर वापरू शकायचे. त्यामुळे ती किंमत वाटली जायची. त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचं पेजमेकर आलं, आणि तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी या सगळ्या प्रकाराला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हे नाव दिलं. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवर ‘डीटीपी’ अशी अक्षरं दिसतात ना, ती तिथून आलेली.

तेव्हा लेझररायटरचं यश ‘चांगला प्रिंटर’ एवढंच नव्हतं. पडद्यावर सुंदर पान मांडता येत होतं, पण ते तसंच्या तसं कागदावर उतरवणारं, परवडेलसं काही बाजारात नव्हतं. साखळीतली ती एक कडी गायब होती. ॲपलने ती भरली आणि त्यामुळे मॅक घ्यायला कारण मिळालं. अर्थशास्त्रात याला पूरक वस्तू म्हणतात: एकीशिवाय दुसरीचं मोल कमी. डेव्हिड टीस यांचा १९८६ चा निबंध याच प्रश्नाभोवती आहे. नवी गोष्ट शोधणाऱ्यालाच नफा मिळेल असं नाही, पूरक साधनं कोणाच्या हातात आहेत यावर ते ठरतं. तंत्रज्ञानाच्या व्यवस्थापनात संशोधन करणार असाल तर तो वाचाच.

कडी भरली, मग दुकान का बंद केलं?

१९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आले आणि ॲपलने प्रिंटरमधून अंग काढून घेतलं. तोवर कडी गायब राहिलेली नव्हती. चांगले लेझर आणि इंकजेट प्रिंटर कुणाकडूनही मिळत होते. ॲपलच्या शेवटच्या काही इंकजेटवर तर नाव ॲपलचं आणि आतला जीव एचपीचा. आणि अशा धंद्यात पैसा प्रिंटरमध्ये नसतो, तो शाईत असतो. ती शाई विकणारा दुसराच.

इथे युक्तिवादाच्या समर्थकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. प्रिंटर हा आजही फायद्याचा धंदा आहे. एचपीचे २०२३ या आर्थिक वर्षाचे आकडे बघा: विक्रीत छपाई विभागाचा वाटा साधारण एक तृतीयांश, पण संगणक आणि छपाई या दोन विभागांच्या एकत्रित कामकाजी नफ्यात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त. मग ॲपलने हा पैसा का सोडावा?

पण थांबा. हा नफा मुख्यतः शाई आणि टोनरमधून येतो. आणि मूळ तक्रार काय होती? शाई महाग आहे! म्हणजे युक्तिवादाचे दोन पाय दोन दिशांना चाललेत. ‘लोक वैतागलेत म्हणून या’ आणि ‘पैसा आहे म्हणून या’ ही दोन्ही कारणं एकदम वापरता येत नाहीत, कारण लोकांचा वैताग आणि कंपनीचा पैसा एकाच डबीतून येतात. शाई स्वस्त केली तर धंद्याचं आकर्षण जातं, महाग ठेवली तर परत येण्याचं कारणच जातं. प्रस्तावातल्या दोन गृहीतकांची अशी आपसात टक्कर होते का, हे दरवेळी तपासून बघा. मार्गदर्शकांनी पकडण्याआधी आपण पकडलेलं बरं.

‘प्रामाणिक’ प्रिंटरचा प्रयोग झालेला आहे

‘ॲपल महाग प्रिंटर आणि स्वस्त शाई असं करेल,’ असं उत्तर येईल. हा प्रयोग कोडॅकने २००७ मध्ये केला. प्रिंटर जरा महाग, शाई स्वस्त. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी हे प्रिंटर विकणं थांबवायचं जाहीर केलं. पण यावरून ‘हे जमतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. कोडॅकचं सगळं घरच तेव्हा ढासळत होतं, त्यामुळे एकट्या प्रिंटरवर खापर फोडता येत नाही.

उलट उदाहरणही आहे. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर आणला. तिथे लोक आधीच प्रिंटरला बाहेरून टाक्या जोडून घेत होते. कंपनीने ती जुगाडाची कल्पना कारखान्यात नेली. यंत्र महाग, शाईची बाटली स्वस्त. आपल्याकडेही डबी रिफिल करून आणायची सवय जुनीच, त्यामुळे असे इंक टँक प्रिंटर भारतात घरोघरी आणि दुकानांत रुळले. म्हणजे सुधारणा शक्य होती आणि ती झालीही, पण स्वतःचं प्रिंटहेड बनवणाऱ्या कंपनीकडून. ॲपलकडे ते नाही. डेल या संगणक कंपनीचं उदाहरण घ्या: तिने २००३ पासून लेक्समार्ककडून बनवून घेतलेले प्रिंटर स्वतःच्या नावाने विकले आणि पुढे हा धंदा सोडला. सॅमसंगने तर आपला प्रिंटर व्यवसाय २०१७ मध्ये एचपीलाच विकून टाकला.

माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा

आतापर्यंतची सगळी उदाहरणं माझ्या सोयीची झाली, नाही का? म्हणून एक गैरसोयीचं. ॲपलने २०१६ मध्ये स्वतःचा थंडरबोल्ट डिस्प्ले बंद केला. मग २०१९ मध्ये प्रो डिस्प्ले एक्सडीआर आणि २०२२ मध्ये स्टुडिओ डिस्प्ले घेऊन कंपनी परत आली. म्हणजे ‘ॲपल सोडलेल्या वस्तूकडे वळत नाही’ हा नियम खोटा.

पण या उदाहरणाने नियम अधिक नेमका करता येतो. मॅक जितकी बारीक अक्षरं दाखवू शकतो, तितक्या दाट ठिपक्यांचे मोठे पडदे बाजारात मोजकेच होते, म्हणजे कडी पुन्हा गायब झाली होती. पडदा दिवसभर डोळ्यांसमोर असतो आणि त्यात शाई भरावी लागत नाही. प्रिंटरला यातलं काहीच लागू होत नाही. वाय-फायच्या एअरपोर्ट यंत्रांचंही तसंच झालं. १९९९ मध्ये त्यांची गरज होती, पुढे चांगले राउटर सगळीकडे मिळू लागले आणि २०१८ मध्ये ॲपलने ती बंद केली.

न विकताही हातात काय राहिलं

ॲपलने प्रिंटर सोडले, छपाई सोडली नाही. २००२ मध्ये मॅकने कप्स ही मुक्त छपाई प्रणाली स्वीकारली, २००७ मध्ये ॲपलने तिचा सोर्स कोडच विकत घेतला, आणि २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं. ड्रायव्हर न टाकता फोनवरून थेट छपाई. आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीचा नवा प्रिंटर ते समजतो.

माझा तर्क असा, की हे जमलं याचं एक कारण ॲपल स्वतः प्रिंटर विकत नव्हतं. ज्याचं शेजारी दुकान नाही, त्याने आखलेले नियम मान्य करायला इतर दुकानदारांना जड जात नाही. उद्या ॲपलने स्वतःचा प्रिंटर मांडला तर तोच पंच खेळाडू होईल. मग नुकसान कोणाचं? ज्याला कुठल्याही कंपनीच्या प्रिंटरवर बिनबोभाट पान काढायचंय, त्याचं.

म्हणून माझं उत्तर: नाही, परत येऊ नये. तक्रार खरी आहे, पण तिचं औषध दुसरीकडे आहे: टाकीवाले प्रिंटर, दुसऱ्या कंपनीची शाई वापरायची मोकळीक, आणि सगळ्यांना लागू होणारे खुले नियम.

आता तुमच्या वहीकडे. तुमच्या विषयात कुठे ‘व्हायला हवं’ असं वाक्य असेल, तर त्याच्याखाली तीन प्रश्न लिहा. कोणासाठी? कशाच्या तुलनेत? आणि कोणता पुरावा मिळाला तर माझं मत बदलेल? माझ्यापुरतं तिसऱ्याचं उत्तर देऊन ठेवतो: मॅकवर करता येणारं, पण बाजारातला एकही प्रिंटर नीट उतरवू न शकणारं असं एखादं मोठं काम दाखवा. १९८५ मध्ये ते होतं. आज कुणी दाखवलं, तर हा लेख मला नव्याने लिहावा लागेल. तुमची उत्तरं खाली लिहा, त्यावर बोलूच.