शाईच कागद खाते तेव्हा

जुन्या हस्तलिखितांच्या जतनाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात ठरावीक सल्ले असतात : पोथी लाल कापडात बांधावी, कपाटात कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात. सल्ले वाईट नाहीत. पण ते सारे कसर, वाळवी आणि बुरशी या बाहेरच्या शत्रूंसाठी आहेत. शाईच कागद खात असेल तर पाल्याचा काय उपयोग?

आपल्या पोथ्या व मोडी दफ्तरे बहुतांशी काजळ आणि डिंकाच्या शाईने लिहिलेली आहेत. काजळ म्हणजे कार्बन. कागदाशी त्याची अभिक्रिया होत नाही. म्हणून कडा कसरीने खाल्लेल्या पोथीतही अक्षर टवटवीत दिसते. लोहयुक्त शाईचे तसे नाही. मायफळातील टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांपासून ती बनते. (कोऱ्या चहात हिराकशीचा खडा टाकला तर पाणी काळे पडते. वर्गात अवश्य करून पाहावे.) या अभिक्रियेत आम्ल मोकळे होते व ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडते, उरलेले फेरस आयन सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरतात. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय येते, मग पाठीमागे डाग उमटतो, मग चीर पडते आणि शेवटी अक्षरच गळून जाते. फाउंटन पेनची जुनी निळी-काळी शाई याच कुळातली, फक्त लोह कमी.

तेव्हा चिंता पोथीइतकीच रजिस्टरचीही करायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात छत्रपती संभाजीनगर विभागात कुणबी नोंदींसाठी महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही चाळली गेली. एका रकान्यातला एक शब्द, आणि त्यावर एखाद्या कुटुंबाचा दाखला! ज्या पानाला वळवताच चीर जाते ते पान किती हातांखालून जाऊ द्यायचे, हा प्रश्न मात्र नोंदींच्या आकड्यांत हरवला.

त्याहून घातक आहे आपली दुरुस्तीची हौस. फाटके पान प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केले की आम्ल आतच कोंडते आणि ते प्लॅस्टिक पुढे सोडवता येत नाही. खळ लावून पट्टी चिकटवली तर ओलाव्याबरोबर लोहाचे आयन शेजारच्या कोऱ्या कागदात पसरतात. नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात कॅल्शियम फायटेटची पद्धत विकसित झाली. धान्याच्या कोंड्यातही आढळणारे फायटेट लोहाला जखडते आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटने आम्ल शमविले जाते. पद्धत चांगली आहे, पण ती पाण्यात करावी लागते. काजळाची शाई, जांभळे शिक्के, लाल शेरे त्यात वाहून जाऊ शकतात. शाई ओळखल्याशिवाय उपचार सुचविणारी पत्रके म्हणूनच मला धोक्याची वाटतात.

शाळेत एवढे जमेल : रजिस्टर ओल्या भिंतीपासून दूर, आडवे ठेवावे, प्रत्येक पानाचे एकदाच नीट छायाचित्र घेऊन पुढची शोधाशोध त्यावर करावी, आणि तपकिरी वलय दिसलेल्या पानांची यादी मुलांकडून करून घ्यावी.