कचरा मोजता येतो, छळाचं काय?

एका छोट्या मराठी चर्चास्थळाची नियामक म्हणून मी काही वर्षं काम केलं. त्या काळातली एक गोष्ट अजून बोचते. एका सदस्येनं नवरा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल लेखमाला सुरू केली होती. प्रत्येक भागाखाली कुणीतरी, दर वेळी नवा आयडी घेऊन, एकच वाक्य टाकून जाई. ‘बाई लवकर सावरलेल्या दिसतात, छान.’ शिवी नाही, जाहिरात नाही, दुवा नाही. डू-आयडीला आमच्याकडे बंदी नव्हती. म्हणजे नियम एकही मोडला नव्हता. त्याच आठवड्यात आमची गाळणी झोपेच्या गोळ्या विकणारे संदेश चोख अडवत होती आणि त्याचं आम्हाला कौतुक होतं. चौथ्या भागानंतर बाईंनी लिहिणं थांबवलं. आम्ही तिघं नियामक तेव्हा ‘यात नेमकं आक्षेपार्ह काय?’ यावर खल करत होतो.

जाहिरातींचा कचरा आणि माणसांचा छळ हे दोन प्रकार आपण एका दमात उच्चारतो. नियमावल्यांत ते एकाच कलमात येतात, या विषयावरच्या लेखनातही जोडीनं येतात. जणू एकाच नळाचं गढूळ पाणी, एक गाळणी बसवली की झालं. ही जोडीच चुकीची आहे असं माझं मत आहे. ते तपासायला जवळजवळ एकाच वेळची दोन जुनी प्रकरणं शेजारी ठेवून पाहू.

पहिलं यूजनेटचं. विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या यंत्रांवर पसरलेलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं हे चर्चागटांचं जाळं. १२ एप्रिल १९९४ रोजी लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या अ‍ॅरिझोनातल्या वकील दांपत्यानं अमेरिकी ग्रीनकार्ड सोडतीची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांवर टाकली. प्रत्येक गटात वेगळी प्रत गेल्यानं दहा गट वाचणाऱ्याला ती दहादा दिसली. लोक खवळले. आर्न्ट गुलब्रान्सेन या नॉर्वेजियन तरुणानं या जोडप्याचे संदेश आपोआप रद्द करणारा प्रोग्रॅम लिहिला. पण दुसऱ्याचं लेखन आपण पुसायचं, तर ती सेन्सॉरशिप नव्हे का?

या प्रश्नाला यूजनेटवर जे उत्तर रुळलं ते मला फार आवडतं. सेथ ब्राइडबार्टच्या नावानं ओळखला जाणारा तो निर्देशांक. एकच मजकूर जितक्या वेळा टाकला, त्या प्रत्येक वेळी तो किती गटांत एकत्र गेला त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. नऊ गटांत मिळून एकदाच टाकलेल्या संदेशाचे होतात तीन. तोच नऊ गटांत नऊदा स्वतंत्र टाकला तर नऊ. ४५ दिवसांत बेरीज २० किंवा त्याहून जास्त झाली की संदेश रद्द करायला हरकत नाही. मजकूर धर्मप्रचाराचा आहे की दंतमंजनाचा, हे बघायचंच नाही. ज्याला वर्गमूळ काढता येतं तो न्यायाधीश. हेतू, रुची, राजकारण यांतलं काहीही ठरवावं लागत नाही, म्हणून तर मालक नसलेल्या जागेतही सहमती होऊ शकली. आजच्या गाळण्या शब्दही तपासतात, पण कचऱ्याचा कणा तोच राहिला आहे. त्याला संख्या सोडून चालत नाही. एकाच माणसाला एकदाच पाठवलेली जाहिरात त्या धंद्यात परवडत नाही.

छळाला संख्या लागत नाही. इथे दुसरं प्रकरण येतं.

पावेल कर्टिस यानं १९९० साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ‘लॅम्डामू’ नावाचं एक जग सुरू केलं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. टंकून बोलायचं, टंकूनच वावरायचं. कर्टिसच्या स्वतःच्या घराच्या नमुन्यावर ते घर रचलेलं. मार्च १९९३ मध्ये तिथल्या दिवाणखान्यात मिस्टर बंगल नावाच्या एका सदस्यानं एक प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांच्या अंगी हिंसक, बीभत्स कृती घातल्या. पडद्यावर उमटत राहिलं ते असं की जणू ती पात्रं स्वतःच हे करत आहेत. ब्राइडबार्टचा निर्देशांक इथे लावला तर उत्तर काय येईल? एक. एक खोली, एक संध्याकाळ.

ज्युलियन डिबेलनं डिसेंबर १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये यावर लिहिलेला लेख पुढे या विषयाचा आद्यग्रंथच होऊन बसला. तीसेक लोकांची सभा भरली, खूप बोलणं झालं, निर्णय झाला नाही. मग ‘विझर्ड’ म्हणजे पूर्ण ताबा असलेल्या मोजक्या सदस्यांपैकी एकानं एकट्यानंच बंगलला ‘बेडूक’ केलं. तिथल्या भाषेत याचा अर्थ खातं कायमचं मिटवलं. प्रवासाहून परतलेल्या कर्टिसनं नंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. लेखाच्या लांबलचक शीर्षकातच म्हटलं आहे की या प्रकरणानं एका डेटाबेसचा समाज झाला.

लेख सुरेख आहे. शब्दानं झालेली इजा खरी असते का, या प्रश्नावर डिबेल ज्या प्रामाणिकपणे अडखळतो तसं फार कमी जण अडखळले आहेत. पण त्याच्या मागून आलेल्यांनी तो एखाद्या राज्याच्या स्थापनेच्या कथेसारखा वाचला, आणि तिथे माझी तक्रार आहे. कथेच्या आधी आणि नंतर काय झालं? डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे बंगलच्या तीनच महिने आधी, कर्टिसनं जाहीर केलं होतं की विझर्ड यापुढे फक्त तांत्रिक कामं पाहतील, माणसांची भांडणं माणसांनी आपापसांत मिटवावीत. सभा निर्णयाविना संपली ती या पोकळीत. आणि मे १९९६ मध्ये विझर्डांनी ती घोषणाच मागे घेतली. तंत्र एकीकडे आणि समाज दुसरीकडे अशी रेघ टिकवता येत नाही, आम्ही सामाजिक निर्णयही घेणार, असं त्यांनी सांगितलं. अर्ज होते, मतदान होतं, लवादही होते. तरी साडेतीन वर्षांत गाडी तिथेच आली. समाज झाल्याची कथा सांगणारे हे १९९६चं पान क्वचितच उलटतात.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले. १९९९च्या सुमाराला स्लॅशडॉटनं निवाड्याचं काम वाचकांत वाटून टाकलं. मूठभर गुण, तेही थोड्याच दिवसांपुरते. प्रतिसादाला उणे एक ते पाच अशी श्रेणी. आणि हे गुण कसे वापरले यावर पुन्हा इतरांचं परीक्षण. छळाचा निवाडा बारीक तुकडे करून मोजण्याजोगा करायचा, अशी ती हुशारी होती. हजारो वाचक असले की ती चालते. चाळीस लिहित्या माणसांच्या मराठी स्थळावर हाच प्रयोग केला की त्याची कंपूबाजी होते. कोण कुणाला गुण देणार हे धागा उघडण्याआधी सांगता येतं. आम्ही करून पाहिलं आहे.

मग उरतं ते माणसानं माणसाबद्दल ठरवणं, आपल्या नावानिशी, चुकण्याचा धोका पत्करून. आमची ‘यात आक्षेपार्ह काय?’ ही चर्चा मला आता कर्टिसच्या १९९२च्या घोषणेसारखी वाटते. नियम मोडला का, एवढंच विचारत राहिलं की आपले हात स्वच्छ राहतात. तो एकच माणूस आहे, तो एकाच बाईच्या मागे लागला आहे, आणि वाक्यातला ‘लवकर’ हा शब्द नेमका कुठे लागतो, हे तिघांनाही कळत होतं. ते कळणं हाच पुरावा धरायला हवा होता. आम्ही पुरावा म्हणून नियमावली चाळत बसलो.

वर्षभरानं आम्ही नियमावलीत एक ओळ घातली: नियामकाला कारण जाहीर सांगून, पण कलम न दाखवता, मजकूर काढता येईल, आणि कुणी काढला त्याचं नाव खाली राहील. मोठा गदारोळ झाला. हुकूमशाही, आणीबाणी, सगळे शब्द वापरून झाले. अकरा सदस्य निघून गेले. त्यांत एक असे होते की ज्यांचं जुन्या नाट्यसंगीतावरचं लेखन मी दर वेळी दोनदा वाचायचे. त्यांनी जाताना विचारलं होतं की उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं, आणि त्याला माझा एखादा शब्द लागला, तर? मी त्यांना उत्तर लिहायला घेतलं होतं. पण तेवढ्यात पहिली तक्रार आली, आणि ती माझ्याच एका निर्णयाविरुद्ध होती.