‘तानापिहिनिपाजा’ पाठ झाले, पुढे काय?

इंद्रधनुष्यातले रंग विचारले की मराठी शाळेत शिकलेला माणूस ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून मोकळा होतो. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळा सोडून कितीही वर्षे लोटली तरी हा शब्द जिभेवर असतो. त्याच माणसाला पुढचा प्रश्न विचारून पाहावा. तांबडा रंग कमानीच्या बाहेरच्या कडेला असतो की आतल्या? मुख्य धनुष्याच्या वर कधीकधी दुसरे, फिकट धनुष्य दिसते, त्यात हा क्रम काय असतो? येथे बहुतेक जण अडखळतात.

स्मरणशक्ती वाढवण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या पुस्तकांना आणि वर्गांना आज मोठी मागणी आहे. त्यांचे मोल ठरवताना हे घरचेच उदाहरण आम्हांला उपयोगी वाटते.

वर्णपटात रंग एकातून दुसऱ्यात सलग मिसळत जातात. त्याचे सातच भाग का? न्यूटनने आधी पाच रंग मोजले होते. पुढे संगीतातील सप्तकाशी मेळ घालताना त्याने नारिंगी आणि पारवा हे दोन वाढवले. 1704 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात सातच रंग आहेत. म्हणजे सात हा आकडा आणि रंगांची नावे हा संकेत आहे. संकेत तर्काने काढता येत नाही, तो लक्षातच ठेवावा लागतो. अशा ठिकाणी युक्तीचा आधार घेण्यात काहीच गैर नाही.

क्रमाची गोष्ट मात्र निराळी आहे. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 700 नॅनोमीटर, तर जांभळ्याची सुमारे 400. पाण्याच्या थेंबात जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो. थेंबाच्या आत एकदा परावर्तन होऊन बाहेर पडणारा तांबडा प्रकाश सुमारे 42 अंशांच्या कोनात दिसतो आणि जांभळा सुमारे 40 अंशांच्या. म्हणून तांबडा बाहेर. दुसऱ्या धनुष्यात परावर्तन दोनदा होते, म्हणून क्रम उलटतो. ज्याला एवढे समजले त्याला क्रमासाठी युक्ती लागत नाही. ज्याला नुसती युक्ती ठाऊक आहे, त्याला उलट्या क्रमाचे धनुष्य समोर दिसूनही ओळखता येत नाही.

युक्त्या खोट्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले. शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा ओळखीचा शब्द शोधायचा आणि दोहोंचे मिळून एक चित्र मनात रंगवायचे, ही युक्ती वापरणाऱ्यांना 72 टक्के शब्दांचे अर्थ आठवले. न वापरणाऱ्यांना 46 टक्के. परक्या भाषेतले शब्द हाही संकेतच असल्याने युक्ती येथे कामी आली.

आमचा आक्षेप पुढच्या दाव्याला आहे. व्यायामाने दंड भरतो तशी युक्त्यांच्या सरावाने एकूण स्मरणशक्ती वाढते, असे सांगितले जाते. 1980 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग पाहा. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सुरुवातीला एका दमात 7 अंक आठवत. सुमारे वीस महिन्यांच्या सरावानंतर तो 79 अंक सांगू लागला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळांचे रूप देत असे. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली. गाडी पुन्हा सहा अक्षरांवर आली! वाढली होती ती अंक बांधण्याची हातोटी.

मग उपयोगी काय पडते? रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा उतारा त्यांनी एकदाच वाचला आणि मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर पारडे फिरले. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातला 42 टक्के मजकूर आठवला, लिहून पाहिलेल्या उताऱ्यातला 56 टक्के. अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी करणारा एक मोठा आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोनच पद्धतींना वरचे स्थान मिळाले: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणे. पुन्हा पुन्हा वाचणे, ओळींखाली रेघा मारणे आणि वर सांगितलेली शब्दचित्रांची युक्ती यांना खालचे स्थान मिळाले.

अर्थात, आठवून पाहणे हीसुद्धा घोकंपट्टीच होऊ शकते. ‘सात रंग सांगा’ एवढेच विचारले तर उत्तर ‘तानापिहिनिपाजा’च येणार. म्हणून प्रश्नाची निवड महत्त्वाची. तासाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटून, गुण न देता, मागच्या आठवड्यातला एक ‘का’ आणि मागच्या महिन्यातला एक ‘कसे’ विचारावा. चुकले तर तेथेच दुरुस्त करावे. यासाठी ना शुल्क लागते, ना पुस्तक.

वर्गात ‘माझी स्मरणशक्तीच कमी आहे’ असे मानून बसलेली मुले असतात. स्मरणशक्तीच्या बाजारातले गिऱ्हाईक तीच. त्यांनी धडा चार वेळा वाचलेला असतो, पण पुस्तक मिटून तो स्वतःला एकदाही विचारलेला नसतो. त्यांना युक्ती देण्याआधी ही सवय लावून पाहावी. येत्या पावसाळ्यात दुहेरी धनुष्य दिसले, तर मुलांना बाहेर न्यावे आणि तांबडा कोठे आहे ते आधी विचारावे. मान वर करून पाहायचे ते नंतर.