राहून गेलेल्यांची गोष्ट

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कोव्ह नावाचं छोटं बंदर आहे. ११ एप्रिल १९१२ला ‘टायटॅनिक’ शेवटची थांबली ती इथेच. तिथून १२३ प्रवासी चढले. त्याआधी आणि नंतरही लाखो आयरिश माणसं याच बंदरातून अमेरिकेला गेली.

आज गावाचं पर्यटन या निघून गेलेल्या माणसांवर चालतं. व्हाइट स्टार लाइनच्या जुन्या तिकीट कचेरीत ‘टायटॅनिक एक्स्पिरियन्स’ आहे. आत जाताना तुम्हाला एका खऱ्या प्रवाशाच्या नावाचा बोर्डिंग पास मिळतो. तो वाचला की बुडाला, हे शेवटी कळतं. युक्ती पकड घेणारी आहे, पण मला ती खटकते. एका माणसाचं मरण तिथे माझ्या उत्सुकतेपुरतं उरतं.

त्यापेक्षा स्वयंसेवकांनी चालवलेलं कोव्ह म्युझियम मला मोलाचं वाटतं. त्याचा विषय आहे कोव्ह आणि हे गाव ज्या बेटावर वसलंय ते ग्रेट आयलंड. म्हणजे बोट सुटल्यावर धक्क्यावर जे उरतं, ते.

तिथली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे खुद्द इमारत. ते एक जुनं प्रेस्बिटेरियन चर्च आहे, स्कॉट्स चर्च. १९६५मध्ये ते बंद झालं आणि १९७३मध्ये तिथे म्युझियम आलं. गावावर नजर टाकली की आधी दिसतं ते १८६८ ते १९१९ या काळात बांधलेलं भव्य कॅथलिक कॅथीड्रल. १८४९मध्ये व्हिक्टोरिया राणी आली म्हणून गावाचं नाव क्वीन्सटाउन झालं. १९२०मध्ये ते पुन्हा कोव्ह झालं. ब्रिटिश नौदल बंदरातून गेलं ते १९३८मध्ये. ‘ते गेले, आपण स्वतंत्र झालो’ हे वाक्य खरंच आहे. पण त्या वाक्यात न मावणारी माणसंही याच गावची होती. हे चर्च त्यांची आठवण पाडू देत नाही.

अशा म्युझियमांची एक अडचण असते. फोटोतला माणूस शेजाऱ्याचा आजोबा निघतो, मग अवघड प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. प्रेमापोटी बरंच काही झाकलं जातं. तरी तो फोटो कुणाचा, हे सांगणारं माणूस तिथेच भेटतं. ती माहिती बहुतेक वेळा कागदावर नसते. नवे हात आले नाहीत, तर वस्तू कपाटात राहतील, पण त्यांची नावं जातील.

टायटॅनिकची गोष्ट सांगायला जगात पुष्कळ जण आहेत. ग्रेट आयलंडची सांगायला हे मोजकेच.