नव्वद टक्के कशाचे?

लेड-ॲसिड बॅटरीच्या नियमांवर वाचायला घेतलंत की ९० हा आकडा तुम्हाला भेटणारच. मलाही भेटला. २००१ च्या बॅटरी (व्यवस्थापन व हाताळणी) नियमांत ९० टक्के, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांतही ९० टक्के. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये मी दोन्ही एकाच आलेखावर टाकले आणि खाली लिहिलं, 'उद्दिष्टात बदल नाही.' गाइडनी समासात एकच शब्द लिहून दिला: कशाचे?

मग मूळ अधिसूचना उघडल्या. (तोवर उघडल्याच नव्हत्या. दुसऱ्यांच्या पेपरातून आकडे उचलले होते.) २००१ चे ९० टक्के हे विकलेल्या नव्या बॅटऱ्यांच्या तुलनेत परत गोळा केलेल्या जुन्या बॅटऱ्यांचे: पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्यापासून ९०. त्यातही वाहन कंपन्यांना आणि घाऊक ग्राहकांना विकलेला माल वगळलेला, म्हणजे छेदच छोटा. २०२२ चे ९० टक्के रिसायकलरसाठी आहेत. बॅटरीच्या कोरड्या वजनातून किती पदार्थ परत मिळवला, त्याचे. पोर्टेबल आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी २०२४-२५ ला ७०, पुढच्या वर्षी ८०, २०२६-२७ पासून ९०.

'कोरड्या' या शब्दापाशी थांबा. माझी खरी तक्रार इथे आहे. कोरडं वजन म्हणजे ॲसिड वगळून. जुन्या नियमात तर बॅटरी भरलेली आली की रिकामी, याने टक्का हलतच नव्हता. शिशाला भाव आहे. ते कायदा नसता तरी गोळा झालं असतं. ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे परसातल्या भट्टीतही निघतं. ॲसिडला भाव नाही. आमच्या भागातल्या एका भंगाराच्या दुकानात मी पाहिलं: पोऱ्याने बॅटरी उलटी केली, ॲसिड गटारात सोडलं आणि मगच ती टेम्पोत चढवली. "पाण्याचं वजन कशाला वाहायचं?" त्या 'पाण्यात' सल्फ्युरिक ॲसिड असतं, शिवाय लेड सल्फेटचे बारीक कण. बेसल कराराच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत संकलन केंद्रावर बॅटरी रिकामी करू नका असं सरळ सांगितलंय, ते यासाठीच.

२०२२ चे नियम एकंदरीत बरे आहेत हे मान्य. उत्पादकावर विस्तारित जबाबदारी आली, नोंदी पोर्टलवर गेल्या. पण पोर्टलवरचा ९० टक्क्यांचा आकडा त्या गटाराबद्दल काहीच बोलत नाही. तो वाचून 'प्रदूषण घटलं' असं लिहिलंत, तर ते निष्कर्ष तुमचे, आकड्याचे नाहीत.

माझ्या प्रकरणात आता दोन वेगळे तक्ते आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर छेद लिहिलेला. तिसऱ्या तक्त्याचं शीर्षक 'ॲसिड' आहे, आणि त्यासाठी गटाराच्या तोंडाशी मातीचे नमुने घेण्यापासून सुरुवात करायची आहे.