आवाजाचा ओव्हरड्राफ्ट

संगीतसमीक्षक गायकावर लिहितात, तबलजीवर लिहितात. भोंग्यावर कोणी लिहीत नाही. वास्तविक उस्मानपुऱ्यात रामनवमीला गाणे आपल्या कानात आणून टाकतो तो भोंगाच. तेव्हा हे परीक्षण त्याचे.

‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झाले १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीलाच. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, वर्षभरात ५६ गीते. घरातला रेडिओ तेव्हा खरखरायचा, पण शब्द कळायचे. रेडिओवाल्यांचे पथ्यच तसे. मीटरच्या काट्यावर डोळा ठेवायचा. गायक चढला की बटण जरा खाली, कुजबुजला की हळूच वर. मध्यमलहरींवर मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपलीकडे गेले की आवाज फाटतो, वर शेजारच्या स्टेशनात घुसतो. म्हणून वाटेत ‘लिमिटर’ बसवतात. आमच्या भाषेत, कर्जाच्या अर्जावर सही न करणारा मॅनेजर!

मांडवात हा मॅनेजर कायमचा रजेवर. अँप्लिफायर म्हणजे खाते, आतला वीजपुरवठा म्हणजे शिल्लक. स्वराची लाट शिल्लकीएवढीच उंच जाणार. जास्त मागाल तर शेंडा सपाट कापला जातो. डोंगराचे पाचगणीचे टेबललँड होते. त्या कापलेल्या कडांतून गायकाने कधीच न गायलेले कर्कश सूर निघतात. सीता रडते की रावण ओरडतो, काही कळत नाही.

“अरे बाबा, शब्द कळत नाहीत.”

“थांबा काका, वाढवतो!”

हा सगळा घोटाळा या एका ‘वाढवतो’त आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला वीज लागते सुमारे दहापट. एवढी पत त्या डब्याची कुठली? मग वाढते ती फक्त फाटाफूट.

२००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. पण कायदा मोठेपणा मोजतो, फाटकेपणा नाही. तो मोजायचा आपण, श्रोत्यांनी. आमचा अभिप्राय असा : गीत उत्तम, गायन उत्तम, भोंगा नापास. मिक्सरवरचा लाल दिवा लागणार नाही इतपत बटण खाली घ्यावे. लांबच्या गल्लीला ऐकू जात नसेल, तर तिथे आणखी एक छोटा स्पीकर टांगावा. खर्च थोडा वाढेल; पण सीतेचे रडणे निदान सीतेचे वाटेल.